पसंतीचं जुनेर

बुलढाण्यातली थंडी काही सांगून-सवरून येत नाही. आदल्या दिवशी माणूस पंखा लावून झोपतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नळाच्या पाण्यात हात घालवत नाही. परवा तसंच झालं. कानाला मफलर गुंडाळून चहाचा कप घेऊन गच्चीवर गेले, तर माझी नात आधीच तिथं. पुण्याहून सुटीला आलेली. कठड्यावर जुनी जाकिटं पसरलेली, एक तिच्या बापाचं, बाकीची कुणाकुणाची, आणि ही बाई वाकून वाकून त्यांचे फोटो काढतेय.

म्हटलं, "काय व, धुणं वाळत घातलं का दुकान मांडलं?"

तिला माझं 'काय व' ऐकलं की हसू फुटतं. म्हणाली, "दुकानच. जुने कपडे घेते, नीट करते, फोनवर विकते. पैशासाठी नाही गं आजी. छंद आहे माझा."

छंद म्हणे! मी तिथंच उन्हात टेकले. चहा थंड झाला तरी हातात तसाच. पोरीनं एका जाकिटाची बाही उलटी करून आतली शिवण बोटानं चाचपली, अंगठा आणि दोन बोटं, कापड चिमटीत धरून हळूच चोळायचं. हे तिला कोणी शिकवलं असेल? मी तर नाही शिकवलं. तिच्या आईनं तर नाहीच नाही, तिला शिवणाचा कंटाळा. पण ती चिमूट मी ओळखते. ती माझ्या मायची चिमूट आहे.

आमच्या वेळी याला छंद म्हणत नसत, शौक म्हणत. आणि बाईमाणसाला शौक असणं काही चांगल्या घरचं लक्षण समजत नसत. शौक असावा तो पाटलाला घोड्याचा, नाही तर एखाद्या उडाणटप्पूला तमाशाचा. अमडापुरातल्या एका मास्तरच्या बायकोला जुन्या कोटांचा शौक आहे, हे सांगायची सोय नव्हती. पण माझ्या मायला होता, आणि तिनं तो कधी लपवला नाही.

ते माझं मॅट्रिकचं वर्ष. महाराष्ट्र तेव्हा नवा होता. बाबांच्या शाळेत नवा नकाशा आला होता आणि वऱ्हाड आता कुठं आलं ते दाखवताना त्यांची छडी जरा जास्तच वेळ बुलढाण्यावर थांबायची. बाबा शेजारच्या खेड्यात शिकवायला सायकलनं जायचे. घरी थोडं कोरडवाहू शेत, ते माय पाहायची. दिवाळी सरली की कापसाची पऱ्हाटी फुटायची आणि माय पहाटेच्या दवात वेचायला निघायची. कमरेला ओटी बांधलेली, डोक्याला फडकं. बोंडांच्या टोकांनी बोटं ओरबाडलेली असायची. घरी आली की केसांत, भुवयांत, पापण्यांवर कापूस. मी म्हणायची, "माय, तू म्हातारी दिसतेस." ती म्हणायची, "आत्तापासून सवय करून घे मंग, म्हातारी झाल्यावर वळखाले सोपी जाईन." म्हातारी मात्र ती झाली नाही. माझ्या आजच्या वयापेक्षा ती कितीतरी लहान राहिली, आणि आरशात पांढरे केस विंचरताना मला कधी कधी उगाच वाटतं, ही अशी दिसली असती.

तुरीच्या शेंगा उकडल्याचा वास, शेकोटीत भाजलेल्या हरभऱ्याच्या घाट्यांचा वास, आणि ओल्या लोकरीचा वास. माझा तो हिवाळा या तीन वासांचा आहे. तिसरा सांगितला की लोक नाक मुरडतात. भिजलेल्या लोकरीला मेंढरांचा वास येतो, खरं आहे. पण त्यात रिठ्याचा वास मिसळला, आणि वर चुलीचा धूर बसला, की जे काही होतं ते मला आजही कुठं मिळालं तर मी डोळे मिटून बसेन.

बाजाराच्या दिवशी खामगावहून एक चाचा यायचे. एसटीच्या टपावर त्यांचे गठ्ठे. सोडले की कोटांचा, स्वेटरांचा, जाकिटांचा ढीग. मुंबईच्या बंदरावर उतरलेला माल, असं ते सांगत. गावात मात्र बोलत की मेलेल्या साहेबांचे कोट आहेत. सगळ्यांना हे पटलेलं होतं आणि तरी सगळे घेत होते. थंडी काय विचारते कोण मेलं म्हणून!

माय त्या ढिगापाशी बसली की उठायची नाही. मी पिशवी धरून उभी.

"हा नोको," माय म्हणायची. "त्याच्या खालचा दाखवा. हा बी नोको. तो कथ्था रंगाचा, हाव, तो. फिरवा बरं. नोको, काखेत इरला आहे."

चाचा कंटाळायचे. "अरे बाई, लेना है के खाली मेरा गठ्ठा खोलना है?"

"खोला ना. हात दुखते काय?"

"तुम्हारे आने से पहले नहीं दुखता था."

मग ती खळखळून हसायची आणि शेवटी एखादा कोट उचलायची. कधी कधी काहीच उचलायची नाही. नुसतं 'हा नोको, तो नोको' करून, ढीग उपसून, पदर झटकून उठायची. आणि त्या दिवशी घरी येताना ती सगळ्यात जास्त खुशीत असायची. मला ते काही केल्या समजत नव्हतं. मी म्हणायची, "माय, काहीच घेतलं नाही, मग एवढा वेळ कशाले घालवला?" ती म्हणायची, "मज्या येते व."

घरी कोट आला की आधी खिसे. खिसे तपासणं हा तिचा खास कार्यक्रम. कधी जळकी काडी, कधी सुपारीचं खांड. एकदा बडीशेप निघाली. मायनं ती हातावर घेऊन गंभीरपणे पाहिली. "हा मानूस जेवल्यावर लगेच घरात नाही जात. अंगनात उभा राह्यते. बायको कटकटी असंन." आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग रिठ्याच्या कोमट पाण्यात धुणं, पिळायचं नाही, दाबायचं फक्त, आणि वाळवायचं सावलीत. उन्हात लोकर आटते म्हणे. मग फाटलेलं अस्तर नीट करायचं, बाहीच्या काठाला रफू. गुंड्या माझ्याकडे. एकसारख्या गुंड्या कधी मिळत नसत, म्हणून वरच्या तीन एकसारख्या आणि खालची कुठलीही, कारण खालची कुणी लावतच नाही. हा तिचा नियम. आजही कुणाचा कोट दिसला की माझी नजर आधी खालच्या गुंडीवर जाते.

आणि पुढच्या बाजाराला तोच कोट ती विकायला बसायची. कासारांच्या पालांच्या पुढं, कडुलिंबाखाली, पोतं अंथरून. गाडीवाले घेत, शेतात जागलीला जाणारे घेत, एकदा एसटीच्या कंडक्टरनं घेतला. आलेल्या पैशाचा दुसरा कोट यायचा. त्यातून घरात काही आलं असेल असं मला आठवत नाही. पण ती बसायची कशी! ताठ. गिऱ्हाईक आलं की कोट स्वतः उठून त्याच्या हातात द्यायची. "घालून पाहा. आवडला तं घ्या, नाही तं ठेवा. जबरदस्ती नाही." गिऱ्हाईक 'नको' म्हणालं तर ती इतर बायांसारखी तोंड वाकडं करत नसे. उलट मान डोलवायची. जसं काही त्यानं बरोबर उत्तर दिलं.

यातलं एकही कापड तिनं स्वतः कधी अंगाला लावलं नाही, हे सांगायला पाहिजे. वर्षातून एक लुगडं घ्यायची, तेही कोरं, घडी न मोडलेलं. तिचा शौक नेसायचा-घालायचा नव्हताच. तो निवडायचा होता. हे मला कळायला एक भांडण व्हावं लागलं.

भांडण म्हणजे बाबांचं आणि तिचं. इथं आमच्या घराबद्दल सांगते, नाही तर वाचणाऱ्याला बाबा उगाच तऱ्हेवाईक वाटतील. आम्ही बौद्ध. मी लहान होते तेव्हा आमच्या माणसांनी दीक्षा घेतली. बाबांनी घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले आणि त्याच दिवशी सांगितलं की या घरात यापुढं कुणाचं उतरलेलं कापड येणार नाही. देव गेले त्याचं मायला काही वाटलं नाही, ती म्हणाली, जागा झाली. आणि कापडाचंही तिनं मनापासून ऐकलं. कारण आमच्या लोकांना जन्मभर तेच मिळत होतं. मोठ्या घरच्या बाया जुनेर द्यायच्या ते वरून टाकायच्या, हात लागू नये म्हणून. खाली ओटी पसरून झेलायचं. गावात कुणी मेलं की मढ्यावरचं कापड आमच्या माणसांचं. हक्क म्हणत त्याला! तो हक्क बाबांनी लाथाडला.

आता अशा माणसाच्या घरात बायको मेलेल्या साहेबांचे कोट आणते. बाबांनी तिला बंदी केली नाही, तेवढे ते शिकलेले होते. पण कोटांना ते हात लावत नसत. कपड्यांच्या वलणीवर कोट असला तर वाकून पलीकडून जायचे. आणि बाजाराच्या दिवशी शाळेतून येताना बाजारातला सरळ रस्ता सोडून नाल्याकडच्या वाटेनं सायकल ढकलत यायचे. सगळ्या गावाला माहीत होतं. चाचा विचारायचे, "मास्तरजी आज भी नाले से गये?" माय म्हणायची, "तिकडं हवा चांगली राह्यते."

त्या वर्षी थंडी फार होती. बाबा पहाटे निघायचे तेव्हा हँडल धरलेली त्यांची बोटं निळी पडायची. अंगावर सदरा आणि वरून चादर, आणि चादर सायकलच्या चेनमध्ये अडकायची. तेवढ्यात मायला तो कोट मिळाला. राखाडी, जाड, आत काळं रेशमी अस्तर, आणि खांदे, लांबी, बाह्या अगदी बाबांच्या. तिनं तो धुतला, सगळ्या गुंड्या एकसारख्या शोधून आणल्या, खालचीसुद्धा, आणि बाजारात नेण्याऐवजी संध्याकाळी बाबांच्या खुंटीला टांगला.

बाबा आले, टोपी काढली, खुंटीकडे हात नेला आणि थबकले.

"हे काय आहे?"

"कोट आहे. तुमच्या मापाचा. घालून तं पाहा."

"कोनाचा आहे?"

"आता तुमचा."

"पहिले कोनाचा होता?"

"मले काय मालूम? असंन कोनी साहेब."

"मेला असंन."

"अवो, मेलेला मानूस घर बी सोडून जाते. लोक राह्यतेतच ना त्या घरात?"

बाबा खाली बसले. ते कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाले, "गिरजे, माझा पहिला सदरा मढ्यावरच्या कापडाचा होता. बापानं आनला, मायनं धुऊन शिवला. मी शाळेत गेलो तं पोरायले मालूम होतं, कोन मेलं त्याचा आहे तो. त्याच मढ्याचा नातू माझ्या बाजूले होता. तो म्हने, हा आमच्या आज्याचा सदरा आहे. मी दिवसभर बसलो तो घालून. तुले समजते का?"

चुलीवर भाकर करपत होती, तरी कुणी उठलं नाही. बाबांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला वाटलं, आता माय रडेल आणि कोट उचलून आत नेईल.

ती रडली नाही. म्हणाली, "मले मालूम आहे. मले बी वरूनच टाकत होते. एक हिरवं लुगडं टाकलं होतं मी पोरगी असतानी. मले हिरवा रंग तवा बिलकुल आवडत नव्हता. पन घे म्हटलं की जी म्हना लागे. नोको म्हनाची सोय नव्हती. तुमाले कोनी इचारलं होतं, मास्तर, का हा सदरा पसंत आहे का?"

मायनं खुंटीवरच्या कोटाची कॉलर नीट केली.

"मी बाजारात जाते अन् दहा कोटाले नोको म्हनते. मले लय बरं वाटते. ते देत होते, मी पसंत करून घेऊन राह्यली. हे एकच आहे का, सांगा. आता मी तुमाले इचारते. पसंत असंन तं घाला. नसंन तं नोको म्हना. मले राग नाही."

बाबांनी बराच वेळ कोटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "नको."

"बरं," माय म्हणाली. उठली, कोट काढला, घडी केली आणि पुढच्या बाजारात तो विकला. एका गाडीवाल्याला चांगला बसला.

मला बाबांचा भयंकर राग आला होता. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. मायला मात्र खरंच राग नव्हता. तिनं विचारलं, त्यांनी उत्तर दिलं, तिच्या लेखी हिशोब सरळ होता. तिला हवं होतं ते वेगळंच. तिला कोट घातलेले बाबा हवे होते असं नाही, तिला बाजारात आलेले बाबा हवे होते. आपला नवरा नाल्याकडच्या वाटेनं जातो, हे तिला टोचत होतं. आपण कडुलिंबाखाली कशा बसतो, कसं बोलतो, लोक आपल्याला 'गिरजाबाई' म्हणून कशी हाक मारतात, हे त्यांनी एकदा पाहावं. बाकी काही नाही.

आणि मग तो पोराच्या लाल कोटाचा दिवस आला. लहान मुलाचा कोट होता, तांबडी लोकर, पितळी गुंड्या. चिखलीच्या दुकानातसुद्धा तसा मिळाला नसता. बाजार भरात होता, आणि एक दमणी, छपराची बैलगाडी, येऊन थांबली. आतून एका मोठ्या घरच्या बाईनं पाहिलं आणि त्या खाली उतरल्या. सोबत नातू असावा, शेंबडा, गोरा.

"दाखव व तो लाल," त्या म्हणाल्या.

मायनं कोट उचलला, आणि सवयीनं, इतक्या वर्षांच्या सवयीनं, त्यांच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर ठेवला आणि हात मागं घेतला. आमच्या माणसांनी द्यायचं ते असंच ठेवायचं असे. त्यांनीही उचलायला हात पुढं केला. दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मग माय थांबली. मी तिचा चेहरा पाहत होते. तिनं कोट परत उचलला. उठून उभी राहिली, पुढं झाली, आणि म्हणाली, "घ्या बाई. हातात घेऊन पाहा. खाली ठेवून कापड समजत नाही."

त्या बाईंचा हात हवेत थांबला. क्षणभरच. पोरगं कोटासाठी पाय आपटत होतं. त्यांनी कोट मायच्या हातातून हातात घेतला. उलटा-सुलटा केला, भाव केला, मायनं कमी केला नाही. "नोको असंन तं राहू द्या, बाई," ती अगदी अदबीनं म्हणाली. त्यांनी घेतला. पोरगं तिथंच तो अंगात घालून दमणीत बसलं.

घरी येताना माय इतकी भरभर चालली की मला मागून पळावं लागलं. बाबा जेवायला बसले तेव्हा तिनं सगळं उभ्यानं सांगितलं, नकलेसह, त्या बाई कशा उतरल्या, आपण कसा खाली ठेवला, परत कसा उचलला. हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

बाबांचा घास हातात राहिला. "हातात दिला?"

"हाव. हातात."

"घेतला त्यायनं?"

"घेतला! आपलं कापड आता त्यायच्या घरी गेलं, मास्तर. आजवर तिकून इकडं येत होतं."

बाबा खाली पाहून जेवत राहिले. पण मी पाहिलं, त्यांची मान हलली. मायनंही पाहिलं असणार, कारण ती लगेच समोर बसली आणि एकदम लहान पोरीसारखी म्हणाली, "अवो, एक खेप या ना बाजारात. बसू नका माह्याजवळ. दुरून पाहा अन् चालले जा."

बाबा म्हणाले, "पाहू."

आमच्याकडचं 'पाहू' कसं असतं, ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. त्यात हो नसतं, नाही पण नसतं. मायनं ते 'हो' धरलं. त्यानंतरच्या दर बाजाराला ती गिऱ्हाइकाशी बोलता बोलता शाळेकडून येणाऱ्या रस्त्याकडे पाहायची. डोक्यावरचा पदर नीट करायची. एकदा तर नवं हिरवं लुगडं नेसून बसली. हो, हिरवंच. तिनं स्वतः चिखलीला जाऊन पसंत केलेलं. मी म्हटलं, "तुले तं हिरवा आवडत नव्हता?" म्हणाली, "टाकलेला आवडत नव्हता व."

बाबा आले नाहीत. मला वाटतं ते एकदा बाजाराच्या तोंडापर्यंत येऊन थांबले असावेत आणि तो उठल्यावर सरळ रस्त्यानं घरी आले असावेत, कारण त्या दिवशी सायकलला नाल्याचा ओला चिखल नव्हता. पण हे माझं मन सांगतं, खात्री नाही.

संक्रांत झाली. एका बाजाराहून माय आली तीच अंग तापलेलं घेऊन. गवती चहा झाला, काढा झाला, मग बैलगाडी आणि एसटी करून चिखलीचा डॉक्टर झाला. ताप डोक्यात गेला, म्हणाले. पऱ्हाटीची शेवटची वेचणी राहिली होती, तिचीच बडबड ती करत होती. आणि गेली. मी हे याहून लांबवू शकत नाही. आजही नाही. लोक म्हणतात, काळ गेला की दुःख बोथट होतं. होत असेल कुणाचं. मी या वयातसुद्धा थंडीच्या सकाळी उठते आणि मला माझी माय पाहिजे असते, बस. मॅट्रिक मी त्या वर्षी दिली नाही.

सगळं उरकल्यावर मावशीनं मायची पेटी उघडली. चार लुगडी, एक तर जेमतेम दोनदा नेसलेलं. ते हिरवं. मावशी डोळे पुसत म्हणाली, "दाजी, देऊन टाका कोन्या गरिबाले. ठेवू नाई घरात."

बाबा म्हणाले, "कोनाले?"

मावशीनं एक-दोन नावं घेतली. बाबा प्रत्येक नावाला मान हलवून नाही म्हणत होते. कुणीतरी म्हणालं, मग नदीत सोडा. बाबा म्हणाले, "तिनं पसंत करून घेतलेलं कापड मी पान्यात नाही टाकत. अन् फुकट बी नाही देत. मेलेल्याचं कापड घे म्हनून मी कोनापुढं टाकू? घेनाऱ्याले नको म्हनता येते का?"

म्हातारी माणसं एकमेकांकडे पाहू लागली. त्यांना वाटलं, मास्तरच्या डोक्यावर परिणाम झाला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बाबा शाळेत गेले नाहीत. सकाळी त्यांनी मायचं पोतं झटकलं, लुगडी बगलेत घेतली आणि मला म्हणाले, "चाल. कुठं बसत होती ते दाखव."

मी पुढं आणि बाबा मागं. कासारांच्या बाया बांगड्या भरता भरता थांबल्या. बाबांनी पोतं अंथरलं ते वाकडं, मी सरळ केलं. धोतर सावरून बसले. लुगड्यांच्या घड्या पुन्हा पुन्हा करत होते, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं. ओरडून बोलावणं त्यांना जमणारच नव्हतं. ओळखीचे लोक लांबून पाहत आणि वाट बदलून जात. चाचा मात्र आपला ढीग सोडून आले, बाजूला उकिडवे बसले आणि म्हणाले, "बाई का माल है, मास्तरजी?"

"हो," बाबा म्हणाले.

चाचांनी एक लुगडं चिमटीत धरून पाहिलं. "अच्छा है," एवढं म्हणून ते बसून राहिले.

दुपार कलल्यावर एक पोरगी आली. नव्यानं लग्न झालेली असावी, वेचणीच्या पैशाचा बाजार करायला आलेली, केसांत अजून कापूस. तिनं खाली बसून पहिलं लुगडं पाहिलं, बाजूला ठेवलं. दुसरं उलगडून उन्हात धरलं. "हे नोको, काठ बारीक आहे." तिसरं पाहिलं, तेही नको. बाबा प्रत्येक वेळी घडी परत घेत होते आणि पुढचं तिच्या हातात देत होते. शाळेत एखाद्या पोराला पाटी द्यावी तसं, दोन्ही हातांनी. तिला संकोच वाटला नाही. तिनं हिरवं उचललं. चोळून पाहिलं, पदर उलगडून खांद्यावर टाकला आणि माझ्याकडे वळली.

"कसं दिसते व?"

मी नुसतं पाहत राहिले. तो पदर मी काही दिवसांपूर्वीच पाहिला होता, रस्त्याकडे तोंड करून बसलेल्या मायच्या खांद्यावर.

बाबा म्हणाले, "चांगलं दिसते."

ती पोरगी त्यांच्याकडे वळली. बाबांनी मान खाली घातली नाही. नीट पाहिलं तिच्याकडे, पदराच्या काठापासून खांद्यापर्यंत, आणि पुन्हा म्हणाले, "लय चांगलं दिसते, बाई."

ती खुश झाली. थोडी घासाघीस केली, लुगडं घेतलं, पिशवीत कोंबलं आणि गर्दीत गेली. ती कांद्यांच्या ढिगाआड दिसेनाशी झाली तरी बाबा तिकडेच पाहत होते. मग त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"कमल," ते मला म्हणाले, "तुझ्या मायले हे मी एकदा बी म्हटलं नाही व."

आणि माझे बाबा भर बाजारात, सगळ्या गावादेखत, हमसून हमसून रडले. चाचांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी उरलेली लुगडी मांडीवर घेतली. घरी चला असं मी म्हटलं नाही. बाजार उठेपर्यंत आम्ही तिथंच बसलो.